नमुन्यावरून काढलेला नमुना

नाही, पण माझं म्हणणं एवढंच आहे, की शिकवायचं तर पूर्ण शिकवायचं ना! शाळेत आम्हाला काय शिकवलं? वाटाणे! उंच वाटाणा, बुटका वाटाणा, उंच जिंकतो, बुटका गप्प बसतो आणि नातवंडांत कधीतरी डोकं वर काढतो, संपला धडा, वाजली घंटा! मला वाटलं, झालं, आनुवंशिकता आली आपल्याला. आणि आता छप्पन्नाव्या वर्षी एक डॉक्टरीणबाई मला समोर बसवून सांगतात, "काका, वाटाण्याचं सोपं असतं हो. माणसांत सगळंच तसं चालत नाही." अहो बाई, मग हे तेव्हाच नको का कोणी सांगायला? तुम्हाला सांगतो, मला तिथे राग यायला हवा होता, निदान रडू तरी. पण छे. मला काही वाटलं नाही.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण वाटाण्यावर चिडलेला माणूस! मी कटिंग मास्तर. पांढरे कोट शिवायचं दुकान आहे आमचं, आमचं म्हणजे मालकांचं, डॉक्टरांचे कोट, प्रयोगशाळेतल्या पोरापोरींचे कोट. मी फक्त बेततो, शिवणारे वेगळे. माझे वडीलही त्याच टेबलावर बेतायचे. आणि आमच्या घराण्याची एक खासियत… कात्री हाताला चिकटते! म्हणजे कापून झालं, आता कात्री खाली ठेवायची, तर मूठ उघडतच नाही! दहा मोजा, पंधरा मोजा, मग एकेक बोट सावकाश सुटतं. गारठ्यात तर विचारू नका. वडिलांना हे साठीनंतर सुरू झालं. त्याआधी पन्नाशीत मोतीबिंदू झाला होता, पण मोतीबिंदूकडे कोण बघतो? वडील छाती फुगवून सांगायचे, "मी कात्री धरलेली नाही, कात्रीने मला धरलंय! कारागिराची पकड आहे ही!" आणि मला? मला ती तिशीतच आली! वडिलांना काय आनंद! मालकांना हाक मारून बोलावलं, "बघा, बघा, पोरगा माझ्या तीस वर्षं पुढे आहे!" मालकही म्हणाले, "वा!" आता मालकांना तरी काय कळतंय.

मग मुलगी. एकुलती एक. बारा वर्षांची असताना परीक्षेत वेळ संपली, बाई म्हणाल्या पेन खाली ठेव, हिला ठेवता येईना. बाईंना वाटलं उद्धट आहे. मला शाळेत बोलावणं. मी गेलो, आणि काय बोललो माहितीये? "बाई, हा उद्धटपणा नाही, ही आमच्या घराण्याची पकड आहे. वडिलांना साठीला आली, मला तिशीला आणि हिला बाराव्या वर्षी!" घरी येऊन मी अख्ख्या मजल्याला चहा पाजला. बिस्किटं वाटली! पोरगी कोपऱ्यात उभी, पेनाच्या शाईने बोटं निळी, आणि सगळे तिच्या पाठीवर थाप मारतायत. ती जिने चढताना दमायची, तर मी म्हणायचो आळशी आहे. आज ते बिस्किटांचं ताट आठवलं ना, की… नाही, काही वाटत नाही. तेच तर सांगतोय.

आता ती अठ्ठावीसची. लग्न झालंय, जावई चांगला आहे, बोलत नाही फारसा पण भांडी घासतो. तर तिसरा महिना लागला आणि ही दोघं तपासायला गेली. तिथल्या बाईंनी कौतुकाने हात मिळवला, "अभिनंदन!" आणि आमच्या पोरीने तो सोडलाच नाही! म्हणजे सुटेना. बाई हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. हळूच विचारलं, "असं नेहमी होतं?" पोरगी म्हणाली, "हो, आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे." झालं! लगेच दुसऱ्या बाईंकडे पाठवलं, या त्याच वाटाणेवाल्या, आणि निरोप आला, वडिलांना घेऊन या.

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो! बाईंनी एक छोटी हातोडी काढली आणि माझ्या अंगठ्याच्या बुडाशी टक्‌ मारली. अंगठा आपोआप आत वळला आणि तसाच राहिला. मी म्हटलं, "बघितलंत? पकड!" बाई हसल्या नाहीत. रक्त घेतलं, माझं, पोरीचं. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, आणि मग तो धडा सुरू झाला, जो शाळेत राहिला होता.

"काका, कुठे दोन रंग मिसळून तिसराच दिसतो, कुठे दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात, काही गोष्टी फक्त आईकडून येतात. आणि तुमच्या घरात आहे ते आणखी निराळं. शरीराच्या पोथीत एक छोटासा शब्द आहे, तो पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. नक्कल होताना तो वाढत जातो. वडिलांकडे थोडा, तुमच्याकडे जास्त, मुलीकडे त्याहून जास्त. जितका जास्त, तितका हा स्नायूंचा आजार लवकर, आणि भारी. म्हणून प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा पुढे आहे असं तुम्हाला वाटलं."

आता गंमत बघा. त्या बोलत होत्या आणि मी बघत होतो त्यांच्या कोटाकडे. कोट आमच्या दुकानातला! मीच बेतलेला, कॉलरचा घाट ओळखला मी. आणि डावा मुंढा, खांद्याशी बाही जोडतात तो, अर्धं बोट ओढत होता. मी मनात म्हणतोय, हा शिवणाऱ्याने घोळ घातला, माझा नाही. बाई सांगतायत स्नायू, हृदय, वडिलांचा मोतीबिंदूही यातलाच, भूल देताना सांभाळा, आणि मी मुंढा बघतोय! मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणजे नमुन्यावरून नमुना काढल्यासारखं." बाई म्हणाल्या, काय? मी म्हटलं, "कागदी नमुना असतो आमचा. नवा काढायचा तर मूळ नमुन्यावरूनच काढायचा. नकलेवरून नक्कल काढली, तर दर वेळी खडूच्या रेघेएवढं कापड वाढतं. दहाव्या नकलेला कोट कोणालाच बसत नाही." बाई म्हणाल्या, "मी हे पुढच्यांना असंच सांगेन." मी म्हटलं, सांगा. मला काही वाटलं नाही.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. बाळाकडे हे यायची शक्यता निम्मी. पण आलंच तर, आईकडून जाताना तो शब्द एकदम खूप वाढू शकतो. म्हणजे बाळाला बाराव्या वर्षी नाही, जन्मतःच. श्वास घेणंसुद्धा अवघड. त्यासाठी पोटातल्या बाळाची तपासणी करावी लागेल. पोरगी ऐकत होती. जावई तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मला म्हणायचं होतं, पोरी, मला माफ कर. तोंड उघडलं. आणि म्हणालो काय? "चहा घेशील?" पोरगी म्हणाली, "घेईन, बाबा."

घरी वेगळंच नाटक! माझी बहीण, म्हणजे पोरीची आत्या, आयुष्यभर एकच टेप वाजवते. पोरगी दमली? "आईवर गेली!" पोरीला गणित येत नाही? "आईवर गेली!" आता हिने, म्हणजे माझ्या बायकोने, रिपोर्ट सरळ आत्यापुढे ठेवला. "वन्सं, वाचा. हे तुमच्या घरातलं आहे. माझ्याकडून काही नाही." एकतीस वर्षांनी जिंकली बिचारी! मला वाटलं आता ती बोलून घेईल मनातलं सगळं. पण ती आत गेली आणि कपाटातले टॉवेल काढून पुन्हा घड्या घालत बसली, आधीच घडी घातलेले. आत्याने चष्मा काढला, आपला हात डोळ्यांसमोर धरला, मूठ मिटली, उघडली. मिटली, उघडली. उघडली बरं का लगेच! "मला नाहीये रे," असं इतक्या हळू म्हणाली, की जशी काही चोरीच केलीय.

मग बाळाची तपासणी झाली आणि सुरू झालं वाट बघणं. तीन आठवडे! या तीन आठवड्यांत मी नीट जेवलो, नीट झोपलो, कामावर वेळेवर गेलो. मालक म्हणाले, "मास्तर, तुम्ही दगड आहात." मी म्हटलं, हो. खरंच सांगतो, आत हात घालून चाचपलं, काहीच लागलं नाही हाताला.

परवा दुपारी फोन आला. मी टेबलाशी. सहा कोटांचं कापड सहा थरांत पसरलेलं, सगळे थर सुलट. डाव्या बाह्या कापून झाल्या होत्या. कात्री हातातच, आणि हातातच म्हणजे तुम्हाला आता माहितीच आहे, म्हणून फोन डाव्या हाताने घेतला. पोरगी.

"बाबा, बाळात नाहीये."

मी म्हटलं, "नक्की?"

"नक्की. दोनदा तपासलं त्यांनी."

मी म्हटलं, "बरं झालं. फार बरं झालं. मग आता तुझं…?"

"माझं काय?"

"तुझ्यातलं."

ती हसली. तुम्हाला सांगतो, खरंच हसली. "माझ्यात आहे की, बाबा. ते कुठे जाणार?" आणि मग म्हणाली, "ठेवते, ह्यांना भूक लागलीय."

फोन ठेवला. शेजारचा शिवणारा म्हणाला, "काय मास्तर, चांगली बातमी?" म्हटलं, हो, नातवंड सुटलं. तो म्हणाला, "मग चेहरा असा का?" म्हटलं, कसा? मला काही वाटत नाहीये. आणि लागलो कामाला. आता इथे नमुना उलटायचा असतो, कळलं का, डाव्या बाहीचा नमुना उलटून ठेवला की उजवी निघते. पहिल्या दिवशी शिकवतात हे. वडिलांनी मला शिकवलं, मी शंभर जणांना शिकवलं. मी नमुना ठेवला, रेघ मारली, कात्री चालवली, कुरकुर कुरकुर, सहाच्या सहा थर एका दमात.

संध्याकाळी मालक आले. ढीग उचलला, एक बाही बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. कापडाला सुलट-उलट होतं हो, नाहीतर उलटवून भागवलं असतं!

"मास्तर," म्हणाले, "या बाराच्या बारा डाव्या आहेत."

मी मोजल्या. बाराच होत्या. आणि तिथे, मालकांसमोर, शिवणाऱ्यांसमोर, त्या बारा बाह्या छातीशी धरून मी रडायला लागलो. अहो, लहान पोरासारखा! थांबेचना! मालक घाबरले, "अहो मास्तर, राहू द्या, कापडच आहे, दोन डावे हात असलेला डॉक्टर शोधू आपण…"

शेवटी नाक पुसलं त्याच एका बाहीला, आणि म्हटलं, "काही वाया गेलेलं नाही, मालक. उद्या बारा उजव्या कापतो."