एका चुलीवरची दिवाळी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकूंबद्दल बोलायला उभी राहिलेय खरी, पण मला भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी वंदना. इंदूकाकूंच्या शेजारची. रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमची दोन घरं, मध्ये एक भिंत. काकू पेणकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. बोलायला लागल्या की भिंतीपलीकडे आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

मी दहा वर्षांची असेन. बाबांची रोह्यातली कंपनी बंद पडली होती. दिवाळी तोंडावर आली, आणि घरात ना तेल, ना रवा. काकूंनी लेकाच्या हाती ताट भरून फराळ पाठवला. रमेश, तूच आणला होतास. आईनं वरचा रुमालसुद्धा उचलला नाही. "आमच्याकडं सगळं हाय, सांग तुझ्या आईला."

काय होतं आमच्याकडं? काही नव्हतं. पण आई कुणाचं घ्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः आल्या. डोक्यावर कढई, तिच्यात तेल नि सारण, काखेत पिठाचा डबा.

"वैनी, माझा स्टोव्ह बिघडलाय. तुझ्या चुलीवर करंज्या तळू देतेस काय गो?"

शेजारणीला नाही कसं म्हणायचं? दोघी बसल्या. आई लाटत होती, काकू सारण भरत होत्या. पहिला घाणा तेलात सोडला आणि झारा राहिल्याचं ध्यानात आलं. मला पाठवलं. जाऊन बघते तर काकूंचा स्टोव्ह फुरफुरतोय, वर भात रटरटतोय! मी धावत येऊन ओरडले, "काकू, तुमचा स्टोव्ह चालू हाय!"

आईचं लाटणं थांबलं. ती उठायलाच निघाली. काकूंनी तिचा पिठाचा हात घट्ट धरला.

"बस गो. रमेश झाला तेव्हा मी तापानं पडले होते. अंगावर दूध नव्हतं. एकीकडं तुझी वंदी, एकीकडं माझं पोर. दीड महिना पाजलंस त्याला. तेव्हा मी म्हटलं काय, आमच्याकडं सगळं हाय म्हणून? पोर तुझ्या ओटीत दिलं नि गप पडून राहिले."

आई रडली. मग काकूही रडल्या. कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या. रमेश, तू दारात उभा होतास. आपल्या दोघांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या काळ्या करंज्याही आम्ही खाल्ल्या.

पुढं बाबांना कोलाडला काम मिळालं. पण दोन घरांचा फराळ पुन्हा वेगळा झाला नाही. आणि गल्लीत कुणाची अडचण कळली, की काकू कढई घेऊन निघायच्या. इथं बसलेल्या किती जणांच्या घरी काकूंचा स्टोव्ह बिघडला होता? हसा, हसा. काकूंना आवडेल.

शेवटच्या आजारात आई रोज त्यांच्या उशाशी बसायची. मला म्हणाली, "तिला एकदा सांगायचं हाय गो, तू होतीस म्हणून मी तगले. पण मी तोंड उघडलं की ती म्हणते, आधी पाणी दे."

मंगळवारी काकू गेल्या. आईचं सांगायचं राहिलं.

इंदूकाकू, तुम्ही होतात म्हणून माझी आई तगली. आम्ही सगळेच तगलो.

आता दोन मिनिटं आपण शांत उभे राहू या.

आई, तू बसूनच राहा. रमेश आहे तुझ्याजवळ.