अकरा नावांपुढचं ‘कै.’

आधी एवढं लिहून घ्या की ती चूक माझी न्हाई, मंग बाकीचं सांगतो. मी इक्बाल पेंटर, जुन्नरचा, जन्म इथलाच, वडील ट्रकच्या नंबरपाट्या रंगवायचे, सातवीतनं माझी शाळा सुटली आन् त्यांनी हातात ब्रश दिला तो आजतागायत हाय. मढपासनं निरगुडसरपर्यंत कुठल्याबी गावात जावा, सोसायटीची पाटी, देवळातल्या देणगीदारांची नावं, दर्ग्याची कमान, दूध डेअरीची भिंत, माझं अक्षर लांबनं वळखू येतं. मला इंग्रजी वाचता येत न्हाई, पन समोर ठेवलं तर हुबेहूब काढतो, आन् मराठीत एवढ्या वर्षांत एक वेलांटी चुकली न्हाई. मंग फ्लेक्स आला. आता माणसाचा वाढदिवस फ्लेक्सवर, बैलाचा फ्लेक्सवर, परवा एका गावात कुत्र्याचा बघितला, शुभेच्छुक म्हणून खाली तीस जणांचे फोटो, कुत्रा बिचारा कोपऱ्यात. पेंटरला कोन विचारतो राव.

तर डिंगोऱ्याचा अविनाश. चाकणला कंपनीत इंजिनिअर हाय, पोरगा गुणाचा, त्याचं मी वाईट बोलणार न्हाई. कंपनीनं त्याला दोन वर्षं इंग्लंडला धाडलं व्हतं, तो राहिला त्या गावात फुटबॉलचा जुना क्लब, त्याचं त्याला याड लागलं ते लागलंच. परत आला, गावातली पोरं जमवली, मंडळ काढलं, तसल्याच पिवळ्या-काळ्या जर्शा शिवून घेतल्या, मैदान केलं, मैदानाला भिंत घातली. सिमेंट दिलं शेठनी, कांद्याचे व्यापारी हायेत, नाव कशाला घ्या, सगळे शेठच म्हनतात. अविनाश माझ्या दारात आला आन् म्हनला चाचा, भिंतीवर त्या इंग्लंडच्या क्लबाचा सगळा इतिहास पायजे, हातानं लिहिलेला, फ्लेक्स नको. काय सांगू तुम्हाला, त्या पोराला मी बसवून घेतलं आन् घरात खिमा सांगितला.

महिनाभर डिंगोऱ्याला जात व्हतो. अविनाश एकेक सांगायचा आन् मी लिहायचो. क्लब काढला कापडगिरणीतल्या कामगारांनी, आठवडाभर मागावर उभं राहायचं आन् शनिवारी दुपारचा भोंगा झाला की मैदानावर. पुढं गिरणी बंद पडली, क्लब तेवढा राहिला. आता त्याचा मालक तिसऱ्याच देशातला, म्हंजी गिरणीवाल्यांची नातवंडं तिकीट काढून बघतात आन् मालकाला गल्ली कुठली ते ठावं न्हाई. मोठा कप एकदाच जिंकला, आमचे वडील तरणे व्हते तवा. त्या अकरा जणांचा एक काळा-पांढरा फोटो. गोलकीपर पावाच्या भट्टीवर कामाला, पुढं खेळणारे दोघं सख्खे भाऊ आन् मैदानाबाहेर एकमेकांशी बोलत नसत, आन् उजव्या बाजूचा बॅक वॉल्टर, गिरणीत सूत रंगवायचा, त्याची बोटं खेळतानाबी निळी असायची. म्हंजी आमच्यातलाच झाला की. त्याचं नाव मी जरा जास्त जीव लावून काढलं, खोटं कशाला बोलू.

आता चुकीचं ऐका. नावं काढायच्या आधी मी विचारलं. तीनदा विचारलं. आपल्याकडं रीत हाय, गेलेल्या माणसाचं नाव मोकळं लिहीत न्हाईत, हिंदूचं असलं तर कै., आमच्यातलं असलं तर पै., म्हंजी पैगंबरवासी, आन् हे साहेब लोक ख्रिश्चन, तर ख्रिस्तवासी लिहायचं का, का त्यातलं कुनी हयात हाय. अविनाश तवा कंपनीत व्हता. शेठ आन् मंडळाचे चार जण मैदानावर खुर्च्या टाकून बसले व्हते. शेठ म्हनले, पेंटर, फोटो काळा-पांढरा हाय, ह्यातलं कोन जितं असायला बसलंय. मी म्हनलो शेठ, माझ्या लग्नाचा फोटोबी काळा-पांढराच हाय, मी जिता हाय. सगळे हसले. मंग म्हनले ख्रिस्तवासी कुनाला कळायचं न्हाई, कै. घाला सगळ्यांना, मान राहतो. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हनले घाला. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हनले तुमाला लिहायचंय का फ्लेक्सवाल्याला बोलवू. मी घातलं. अकराच्या अकरा नावांपुढं कै.

उद्घाटन झालं, नारळ फुटला, अविनाशनी फोटो तिकडं क्लबाच्या लोकांना पाठवले, कुठलं नाव कुनाचं ते इंग्रजीत लिहून. आठ दिवसांनी वॉल्टरच्या मुलीचा मेसेज. लई गोड बाई, भिंत बघून डोळ्यांत पानी आलं म्हने, फक्त वडील विचारतायत की आमच्या नावांपुढं हे एकच अक्षर सगळीकडं का हाय, ही काय पदवी हाय का. अविनाशनी मला फोन करून सांगितलं. वॉल्टर जिता. बाकीचे दहा गेलेत, वॉल्टर जिता.

मंडळाची बैठक बसली. आन् शेठनी सगळ्यांदेखत काय म्हनावं, पेंटरला एवढी अक्कल न्हाई का, जित्या माणसाला मारलं, गावाचं नाव सातासमुद्रापार घालवलं. ज्या चार जणांनी ऐकलं व्हतं ते चारी खाली मान घालून मोबाइल बघत बसले. मी म्हनलो एक कै. पुसायला मला दहा मिनिटं लागतात. तर म्हनले न्हाई, भिंतच कोरी करायची, चुना मारायचा आन् वर फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सचा नमुना तयारच व्हता! मधी शेठ हात जोडून, माणसाच्या उंचीचे, आन् खाली ते अकरा खेळाडू पोस्टाच्या तिकिटाएवढे. म्हंजी माझी चूक सापडायच्या आधीपासनं फ्लेक्स ठरला व्हता का न्हाई, तुमीच सांगा. अविनाश भांडला, पन पोरगं एकटं, आन् सिमेंट शेठचं.

त्यानं एवढंच केलं, चुना मारायच्या आदल्या दिवशी भिंतीपुढं उभं राहून वॉल्टरला व्हिडिओ कॉल लावला, माफी मागायला. शेठनी माफी मागितली. हात जोडून म्हनले, आमच्या पेंटरची चूक झाली. मी मागं उभा व्हतो. म्हातारा खुर्चीत बसलेला, गुडघ्यावर शाल, तो काहीतरी बोलला आन् अविनाश मागं वळून म्हनला, चाचा, ते लिहिणाऱ्याला पुढं बोलवतायत. गेलो. म्हातारा म्हनतो, हा भिंतीवरचा पिवळा रंग कुनी मिसळला. मी म्हनलो मी. तो म्हनतो बरोब्बर हाय, आता क्लबवाले घालतात तो लिंबाचा पिवळा, आमचा असाच व्हता, जरा मातकट. सूत रंगवणारा माणूस तो, त्याला कळणारच. मी अविनाशला म्हनलो, त्यांना सांग, आमच्याकडं जित्याला मेला म्हनलं की आयुष्य वाढतं. त्यानं सांगितलं तर म्हातारा एवढा हसला की मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन पळत आली.

पन मंग तो हसायचा थांबला. बोट पुढं करून विचारतो, टॉम कुठंय. अविनाशला टॉम कोन ते ठावं न्हाई. तर हा टॉम त्या सालात सगळे सामने खेळला आन् फायनलच्या आदल्या आठवड्यात पाय मोडला. पदकं अकराच. फोटोत न्हाई, क्लबाच्या यादीत न्हाई, क्लबानं इतिहास छापला त्यात न्हाई. वॉल्टरनी त्यांना पत्रं लिहिली तर उत्तर आलं, आमच्या नोंदीत अकराच नावं हायेत. आता सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चढला, मुलगी हात दाबत व्हती तरी थांबेना. म्हनला, माझ्यापुढं काय लिहिलं ते जाऊ द्या, दोन-चार वर्षांत ते खरंच होणार हाय, पन टॉम कुठंय. काय सांगू तुम्हाला, भाषा एक अक्षर कळत न्हाई, पन राग कळतो. मला तर लगेच कळला.

फोन बंद झाला. शेठ म्हनले बरं झालं, म्हातारा चिडला न्हाई.

मी रंगाचा डबा उघडला. एक जण म्हनला, चाचा, सकाळी चुना हाय, कशाला रंग वाया घालवता. मी म्हनलो रंग माझा हाय. आन् अविनाशला म्हनलो परत मेसेज टाक आन् विचार, टॉम हयात हायेत का. उत्तर येईपर्यंत ब्रश लावला न्हाई. उत्तर आलं, न्हाईत, लई वर्षं झाली. मंग अकराव्या नावाखाली ओळ आखली, कै. टॉम, आन् त्यांचं आडनाव अविनाशनी सांगितलं तसं. विचारून लिहिलं. वॉल्टरच्या पुढचं कै. घासून काढलं, तिथं जरा डाग राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याचे तीन हात मारले त्यांनी, बाराच्या बारा नावांवर.

आता तुमी विचाराल मंग राग कशाला अजून. राग भिंतीचा न्हाई, भिंत त्यांची हाय. जित्या माणसाची चौकशी करायला एक फोन लागत व्हता, तो केला न्हाई, आन् वर नाव माझं घेतलं. आजबी शेठ बाजारात भेटतात, म्हनतात काय पेंटर, आज कुनाला मारलं. मी ऐकून घेतो. वय झालं, हात थोडा कापतो, आता काम येतं ते एखाद्या कबरीच्या दगडाचं न्हाईतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं, पोटापुरतं अल्ला देतो.

तो फ्लेक्स माळशेजकडनं वारं सुटलं तवाच फाटला, आता नुसता सांगाडा हाय. आन् दुसरी गोष्ट, ऑइलपेंटवर चुना धरत न्हाई. आधी पॉलिश पेपरनं घासावं लागतं, न्हाईतर एक पावसाळा गेला की पापुद्रे सुटतात, कुठलाबी पेंटर सांगेल. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. परवा डिंगोऱ्याला गेलो व्हतो. खालची, टॉमची ओळ आधी मोकळी झालीय, रंग नवा व्हता ना. मी नखसुद्धा लावलं न्हाई, अविनाशला फोटो काढायला सांगितला, म्हनलो म्हाताऱ्याला धाड, आन् आमचा सलाम सांग, बरे राहा म्हनावं.