टोपी काढायची राहिली

मिदोरीकाकू, हाना, उरायासुच्या टीममधले सगळे, इचिकावाहून आलेले सगळे, आणि माझे एदोगावाचे लोक. नमस्कार.

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. सकाळपासून तीनदा आरशासमोर म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडलं. अडखळलो तर सांभाळून घ्या. माझं एकेक वाक्य हाना जपानीत सांगणार आहे. मी तिला म्हटलं, अगं, तुझे बाबा गेलेत, तू कशाला हे करतेस, दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. तर मला जपानीतच म्हणाली, दुसरं कुणी असलं तर तुम्ही काहीतरी गोड बोलून सुटाल. बघा. बापाचीच लेक.

आणि हो, मघापासून सगळे माझ्या डोक्याकडे बघताय, ते मला दिसतंय. बूट दारात काढले, टोपी काढली नाही. हा कोण उद्धट माणूस, असं मराठी मंडळींनाही वाटतंय आणि जपानी मंडळींनाही. वाटू द्या. थोडा वेळ सहन करा.

मी नितीन, एदोगावाचा पिचर. म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा. हानाचे बाबा, आपले कर्णिककाका, प्रेमळ होते, शांत होते, असं माझ्याआधी चार जणांनी सांगितलं. असतील. ऑफिसात असतील, घरी असतील. मैदानावर मी त्यांना कधी शांत पाहिलं नाही. आम्ही दोघांनी बारा वर्षं एकमेकांना मारलं. खरोखरचं मारलं. हाताने, कोपराने, बुटाने. हाना, डोळे वटारू नकोस, सांग त्यांना.

फोटोशेजारी ती किटली ठेवली आहे, ती बघा. इथं मैदानात पाणी प्यायला असते ना, मोठी, पितळी रंगाची, याकान, तीच. दर वर्षी नदीकाठच्या आपल्या तीन टीम या किटलीसाठी खेळतात. चांदीचा कप नाही, ढाल नाही, किटली. यंदा ती आम्ही जिंकली, म्हणून मी घेऊन आलो. तिच्यावरचे पोचे बघा. तो मोठा पोचा इचिकावाच्या कॅप्टनने हरल्यावर ती भिंतीवर आपटली तेव्हाचा. बुडाशी आहे तो कुणाच्या तरी गुडघ्याचा. आणि नळीपाशी जो खोल पोचा आहे ना, तो माझ्या खांद्याचा. तो कसा पडला, तेच सांगायला मी उभा आहे.

मी डोंबिवलीहून इथे जपानला नवीन आलो होतो. रविवारी सकाळी नदीकाठी एकटाच टेनिस बॉल टाकत बसायचो. तिकडे ऑफिसच्या क्रिकेट टीमचा फास्ट बोलर होतो मी, हात शिवशिवायचे. एके दिवशी मागून मराठीत आवाज आला, "हात सरळ कशाला ठेवतोस? इथं वाकवून फेकलेलं चालतं." वळून बघतो तर हे. डोक्यावर हेल्मेट, पायात खिळ्यांचे बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाले, "आमच्या उरायासुकडून खेळ." मी म्हटलं, काका, मी राहतो एदोगावात. तर म्हणाले, "मग मार खाशील." ही आमची पहिली ओळख.

त्याच वर्षी किटलीचा अंतिम सामना, उरायासु विरुद्ध आम्ही. मी पिचर. समोर बॅट घेऊन कर्णिककाका. मी टाकलेला चेंडू जाऊन त्यांच्या बरगडीवर बसला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. ओली फांदी मोडावी तसा. ते गुडघ्यावर बसले. आणि अंपायर ओरडला, "डेड बॉल!"

आता मराठी मंडळी, तुम्हीच सांगा. आपण गल्लीत क्रिकेट खेळलेली माणसं. डेड बॉल म्हणजे काय? धरायचा नाही तो बॉल. रद्द. झालाच नाही. मला वाटलं, बरं, रद्द तर रद्द, परत टाकू. मी पाठ फिरवली. आणि सवयीने चेंडू पँटवर घासायला लागलो.

इथं डेड बॉल म्हणजे बॅटरला चेंडू लागला. इथं पिचरने त्या क्षणी टोपी काढायची असते, मान खाली घालायची असते. बॅटर जरासा हात वर करतो, चालेल म्हणतो, आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, चालत जातो. बेस त्याचा होतो. पाच वर्षांच्या पोरालाही हे इथं ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. उरायासुवाल्यांनी काय पाहिलं? आपला वयाने मोठा माणूस बरगडी धरून खाली बसलाय, आणि हा नवा माणूस पाठ फिरवून चेंडू चकाकवतोय.

ते आले. सगळे आले. पहिला धक्का मला छातीवर बसला, दुसरा कानावर. आमचे लोक धावले. कुणीतरी कुणाचा गळा धरला. ही किटली हवेतून आली आणि माझ्या खांद्यावर आदळली. मी पडलो, मला तुडवलं, मी उठलो आणि हाताला लागेल त्याला हाणत सुटलो. एकाचा दात मी पाडला. तो इथेच बसलाय, तिसऱ्या रांगेत, हसू नकोस. आणि त्या गर्दीतून, एका हाताने बरगडी धरून, कर्णिककाका आले. पन्नाशी उलटलेला माणूस. दुसऱ्या हाताने त्यांनी माझं नाक फोडलं. एकाच फटक्यात. माझं हे नाक वाकडं आहे ना, ती त्यांची सही आहे.

सामना तिथंच बंद पडला. आम्हा दोघांना एकाच दवाखान्यात नेलं, एकाच बाकावर बसवलं. माझ्या नाकात बोळे, त्यांच्या छातीला पट्टा. तिथं म्हणाले, "टोपी का नाही काढलीस?" मी म्हटलं, कशाला काढू? अंपायरने बॉल रद्द केला होता. त्यांनी कपाळावर हात मारला. मग हसायला लागले. हसले की बरगड्या दुखायच्या, दुखलं की मला शिव्या घालायचे, आणि परत हसायचे.

इथवरची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. दर वर्षी पार्टीत कर्णिककाका ती रंगवून सांगायचे. नितीनचा डेड बॉल. सगळे हसायचे, मीही हसायचो. इथून पुढचं कुणालाच माहीत नाही. हाना, तुलाही नाही. थांब जरा. पाणी पी. सांगशील ना? बरं.

त्या दिवशी बाकावर हसून झाल्यावर ते म्हणाले, "आता कळलं ना? मग काढ टोपी." मी म्हटलं, नाक फोडलंत की माझं. फिट्टंफाट झाली. तर म्हणाले, "नाक वेगळं. टोपी वेगळी."

मी काढली नाही.

नंतरची अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर चेंडू टाकला. दर वेळी बॅट घेऊन उभे राहिले की हेल्मेटला दोन बोटं लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. तुम्हाला वाटायचं, ही त्यांची लकब. लकब कसली? मागत होते ते. आणि मी काय करायचो? आणखी जोरात टाकायचो. एका वर्षी ते बेसवर घसरत आले आणि खिळ्यांनी माझी नडगी फाडली. नऊ टाके. पुढच्या वर्षी मी त्यांच्या तोंडावर कोपर मारलं. त्यांचा ओठ फाटला, शर्टाची पुढची बाजू लाल झाली, तरी ते हेल्मेटला बोटं लावून उभे. एक टोपी काढायला काय जात होतं माझं?

सांगतो. तो चेंडू चुकून लागला नव्हता.

हाना, नीट सांग. चुकून नाही. ठरवून. आधीच्या चेंडूला त्यांनी मला चिडवलं होतं, "डोंबिवली, दमलास का?" माझं डोकं फिरलं. मी बरगडी बघितली आणि बरगडीवर टाकला. डेड बॉलचा अर्थ मला कळला नाही, हे खरं आहे. पण त्या शब्दाआड मी बारा वर्षं लपलो, हेही खरं आहे. तुम्ही हसलात, मला माफ केलंत, आणि मी ते ठेवून घेतलं. टोपी काढली असती तर तोंडातून सगळं बाहेर पडलं असतं, याची मला भीती होती.

मागच्या महिन्यात मी हॉस्पिटलात गेलो. ठरवून टोपी घालून गेलो. पण लिफ्टमध्ये सवयीने काढली आणि बॅगेत टाकली. खोलीत शिरलो तर त्यांनी आधी माझं डोकं बघितलं. "टोपी कुठंय?" म्हटलं, बॅगेत. "मग काढणार काय, बॅग?" अंगात बोलायचं त्राण नव्हतं, पण टोमणा मारायचं होतं. मी म्हटलं, काका, सॉरी. "सॉरी नको." मग डोळे मिटून म्हणाले, "अंगावर टाकलास ना तो?"

मी म्हटलं, हो.

"माहीत होतं. तीस वर्षं कॅचर होतो मी. समोर बसून चेंडू धरताना पिचरच्या डोळ्यांवरून कळतं." मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाहीत? तर चिडले. "मी का सांगू? मी नाक फोडलं, ते सगळ्यांसमोर फोडलं. तूही काय करायचं ते सगळ्यांसमोर कर. मैदानावर. पुढच्या सामन्याला." मी म्हटलं, करतो. माझा हात धरला आणि दाबला. दुखेल इतका दाबला.

सामन्याच्या आठ दिवस आधी ते गेले. सामना झाला, आम्ही जिंकलो, किटली मिळाली. उरायासुकडून त्यांच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. अंपायरने नाव पुकारलं आणि ती जागा तशीच मोकळी ठेवली. मी चेंडू हातात धरून त्या मोकळ्या जागेकडे बघत होतो. टोपी काढायला हात उचलला, पण तेव्हाही जमलं नाही. मोकळ्या जागेसमोर काढून काय उपयोग? ज्यांना सांगायचं ते सगळे आज इथे आहेत. म्हणून आज.

आता मी तुम्हाला उभं राहायला सांगणार आहे. दोन मिनिटं शांत उभे राहू. पण त्याआधी एक गोष्ट. त्या दिवशी डेड बॉल झाल्यावर पहिला बेस कर्णिककाकांचा होता. नियमाने त्यांचा होता. ते बेसवर गेलेच नाहीत, सरळ माझ्या अंगावर आले. का आले? कारण मी टोपी काढली नाही. माझ्यामुळे त्यांचा बेस राहिला.

हाना, याच्या पुढचं भाषांतर करू नकोस. हे त्यांना मराठीत कळतं.

काका, ही बघा. काढली टोपी. सगळ्यांसमोर. मान खाली आहे. मी तुमच्या अंगावर टाकला होता. माझं चुकलं.

आता जा. बेस तुमचा आहे.

सगळे उभे राहा.