दोन दारांमधली निळी वायर

तर एक होती म्हातारी, म्हणजे मीच, सुलू. एक होते तिचे आत्माराम. दोन त्यांचे मुलगे, थोरला सूरज नि धाकटा नीलेश. शांती नगरात एकाच माळ्यावर समोरासमोर दोन दारं, नि त्या दोन दारांतून... काय सांगू तुम्हाला, ह्या दारातून त्या दारात एक निळी वायर गेलेली, नि तिच्यापायी दोन्हीतलं एकही दार लागेना! सकाळपासून सताड उघडी! मांजर येऊन दूध हुंगून गेलं, कुरियरवाला आत बघून गेला, शेजारची हंसाबेन भाजी घेऊन येताना अडखळली नि ओरडली, "आजी, ये बीच में साप क्यूँ सुलाया है?" अहो, घर आहे की स्टेशनाबाहेरचा केबिन रोड? जरा म्हणून दार ओढायला गेले तर आतून नात किंचाळते, "आजी, वायर चेपेल!" वायर चेपायची नाही नि माझी कंबर वाऱ्याने धरली तर चालेल! दार काही लागायचं नाही!

तुम्ही म्हणाल, कशाला हा उद्योग? तर ऐका. आमचं मूळ रत्नागिरीकडचं. गणपतीची आरती झाली की आमच्यात घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं मागायचं, नि दर मागण्याला बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ह्यांचं गाऱ्हाणं म्हणजे काय विचारता! वाडवडिलांपासून चालत आलेलं तर म्हणायचेच, वर नवीन जोडायचे. "बा गणराया, सोसायटीची लिफ्ट मधल्यामधी अडकते, ती सुरळीत चालव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "टँकरवाला फोन उचलत नाय, त्याला सद्बुद्धी दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हसू आलं तरी ओठ दाबून धरायचे, कारण हे डोळे मिटून खरंच मागायचे हो. त्यांच्या लेखी लिफ्ट नि मोक्ष एकाच खात्यात.

ते गाऱ्हाणं शेवटचं घातलं तेव्हा संचितानं, सूरजच्या मुलीनं, त्याचा व्हिडिओ केला नि बापाच्या कंप्युटरात ठेवला. पुढे हे गेले. वर्षभर सण केला नाही. यंदा गणपती आणायचा, तर सूरजच्या हॉलच्या लाद्या उखडलेल्या, वरून गळतंय, देव बसवणार कुठे? मग ठरलं, नीलेशकडे.

नि इथंच खरी मेख होती. कारण नीलेशने समोरचा फ्लॅट घेऊन वेगळी चूल मांडली, तेव्हा हे म्हणाले होते, "समोरासमोर राहून चूल वेगळी? तुझ्या उंबऱ्यात माझा पाय पडायचा नाही." नि नाहीच हो पडला! दूधवाला गेला, लाईटबिलवाला गेला, बाप गेला नाही. दोघंही तापट. तेव्हापासून दोन भाऊसुद्धा कामापुरतं बोलायचे, तेही दुसऱ्याच्या तोंडून. म्हणून मी हटून बसले. ह्यांचा आवाज नीलेशच्या घरात जायलाच हवा. अख्खं गाऱ्हाणं मला पाठ आहे, शब्द इकडचा तिकडे होणार नाही, पण मला माझ्या तोंडून नको होतं. मला हे त्या घरात जायला हवे होते.

पण सूरजचा कंप्युटर कसला! त्याचा पंखा असा घरघरतो की सूरजच झोपलाय असं वाटावं. पेन ड्राइव्ह घालायची खाच मोडलेली. बाहेर रस्ता खणलाय, त्यात नेट तुटलेलं. उचलून समोर न्यावा म्हटलं तर धक्का लागला की विझतो, नि परत उठेल याचा भरवसा नाही. संचिता म्हणाली, "आजी, सरळ वायर टाकू. ह्या कंप्युटरातून त्या कंप्युटरात. मध्ये कोणी नको." मध्ये कोणी नको! पोरीने किती मोठी गोष्ट सांगितली, तिलाच ठाऊक नव्हतं.

मग म्हणाली, "दोन्हींना नंबर द्यायचा. पुढचे आकडे सारखे, शेवटचा तेवढा वेगळा."

"म्हणजे आडनाव एकच, नाव वेगळं?"

"आजी, एकदम बरोबर!"

तिने दोघांना आपापल्या कंप्युटरवर बसवलं. आता तुम्हीच सांगा, सूरजने शेवटी काय टाकलं असेल? एक! "थोरला मी आहे." नि नीलेशने काय टाकलं? एक! "गणपती माझ्याकडे आहे." झालं! दोन्ही कंप्युटर अडून बसले, म्हणे हा नंबर दुसऱ्या कोणाचा आहे. मशीनला कळलं हो, माणसांना कळेना!

"संचिता, तुझ्या काकाला सांग, दोन टाक म्हणावं."

"संचिता, तुझ्या बाबाला सांग, त्यानेच टाकावं."

अहो, दारं उघडी! एकमेकांच्या टाचा दिसतायत! मधे मी स्टुलावर, पायाशी ती वायर, नि दोन्हीकडून पोरीच्या नावाने गोळीबार. सुना आपापल्या ओट्याशी भांडी आपटतायत, ही आपटली की ती आपटते. दार लावून घ्यावं नि गप्प पडावं म्हटलं... तर दार काही लागायचं नाही!

शेवटी मी उठले. म्हटलं, "एक नंबर ह्यांचा. तो कोणी घ्यायचा नाही. सूरज, तू दोन टाक. नीलेश, तू तीन."

दोन्हीकडून टक्, टक् वाजलं. मग संचिता हळूच म्हणाली, "लागलं... चाललंय, आजी."

काय चाललंय ते मला वाचता थोडंच येतं? पडद्यावर एक हिरवी पट्टी तेवढी दिसत होती, शेताच्या बांधावरून ऊन सरकावं तशी सरकणारी. मी परत स्टुलावर येऊन बसले नि वायरीकडे बघत राहिले. तुम्हाला सांगते, हसू नका... मला हे त्यात चालताना दिसले. तीच मळकी बंडी, एक हात भिंतीला, सावकाश. हंसाबेनच्या दारापाशी जरा थांबले, तिच्या तुळशीला पाणी आहे का बघितलं. मागे वळून माझ्याकडे बघितलं, येतेस का, असं. मी मान हलवली, तुम्ही व्हा पुढे. मग नीलेशचा उंबरा आला. तिथे किती वेळ उभे राहिले म्हणून सांगू! पट्टीच सरकेना. संचिता म्हणाली, "अडकलं वाटतं." मी म्हटलं, "थांब ग, चपला काढतायत."

नि सरकली!

पूर्ण झाल्यावर संचिता नीलेशच्या कंप्युटरवर बसली. "आवाज आलाय का, जरासंच बघते." नि तिने लावलं. "बा गणरायाऽऽ..." अख्खा जिना घुमला. पोरगी बंद करायला गेली, मी हात धरला. गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडत नाहीत. एकदा सुरू झालं की देव ऐकायला बसतो, त्याला ऊठ कसं म्हणायचं? मग काय, सगळे जिथल्या तिथे उभे! थोरली सून स्वाती समोरून पिठाच्या हाताने धावत आली, तिच्यामागून सूरज. धाकट्या सुनेने, सुरुचीने, कुकरखालचा गॅस मालवला. हंसाबेन भेंडीची पिशवी मनगटाला लटकवून हात जोडून उभी, नि आमच्यापेक्षा मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"

लिफ्ट झाली, टँकर झाला. मग ह्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि माझा धाकटा नीलेश... लय तापट हाय रे म्हाराजा. त्याचं डोस्कं थंड ठेव."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने सुरुची.

"ते डोस्कं त्याला माझ्याकडनंच आलं. माझं ऱ्हायलं तापट, त्याचं तेवढं बघ."

नीलेश हात जोडून उभा होता. तोंड उघडलं, आवाज फुटेना. तेव्हा सूरजने त्याच्या पाठीवर हात ठेवला नि त्याच्या वाटणीचं "व्हय म्हाराजा" त्यानेच म्हटलं.

पुढे गणपती बसला, थाटात बसला. गाऱ्हाणं दोघा भावांनी मिळून घातलं, एक विसरला की दुसरा सांगे, दोघं विसरले की मी. सूरजच्या लाद्या बसल्या तरी जेवणं एकत्रच होऊ लागली, नि बघता बघता चूलही एक झाली. मागितलं ते देवाने सगळं दिलं. लिफ्टसुद्धा चालते!

फक्त एक झालं. आधी थोरली सून येऊन धाकटीचं सांगायची, धाकटी येऊन थोरलीचं. माझा दिवस कसा मजेत जायचा! आता दोघी एका ओट्याशी उभ्या राहून एकमेकींना सांगतात... माझं!