पोटावरचा हात

भाची? कुणाची भाची ग तू? खाली वॉचमनला सांगितलंस, मालनमावशीची भाची, कुडाळहून आलेय — आणि त्या येड्याने लिफ्टचं बटणसुद्धा दाबून दिलं तुला. मला बहीण नाही, मी मावशी कुठून झाले? — नाही, चपला काढू नकोस, काढल्यास म्हणजे बसशील. — बसलीसच? बस मग. पाणी देते. दारात आलेल्या कुणालाही पाणी देते मी, त्यातून माया-बिया काढू नकोस. चॅनेलचं नाव काय म्हणालीस? — हां, तेच. मोबाइलवरचं. माझ्या पोरीच्या पोटाभोवती लाल गोल काढणारं.

काकू म्हणू नकोस मला. स्पृहा ना तू? हे बघ स्पृहा, माझी पोर, पूर्वी, दादरच्या फुलबाजारात शेवंती घेत होती, तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी, आणि तुमचा कुणीतरी मेला पुलावरून फोटो काढतो. बरं, काढला. सिरियलीत काम करते, रोज संध्याकाळी लोकांच्या घरात जाते, तर लोक बघणारच — एवढं समजतं मला. पण खाली लिहिलं काय? 'पूर्वीकडे गोड बातमी?' पुढे ते प्रश्नचिन्ह लावलं की तुम्ही सुटलात, नाही का? आणि पोटावर हात होता म्हणून त्या हाताभोवती लाल गोल. शाळेत चुकलेल्या गणिताला गोल बघितला होता, बाईच्या पोटाला आता बघितला. माणूस पोटावर हात ठेवणार नाही? तू नाही ठेवत? पोटात दुखत असलं तर हात काय डोक्यावर ठेवायचा?

— काही नाही दुखत तिला. ॲसिडिटी. शूटिंगमध्ये जेवायची वेळ नाही, वडापाव खाऊन उभी राहते, मग ॲसिडिटी नाही तर काय होणार? लिही, लिही ते. आईने सांगितलं, ॲसिडिटी. काढा त्याला पण लाल गोल.

सुरुवातीला मीच खुळी होते. तेव्हा आम्ही इथेच, जुन्या चाळीत, हा टॉवर कुठे होता. पूर्वीची पहिली सिरियल लागली आणि तुमच्यातलेच दोघं आले घर बघायला. मी कोंबडी-वडे केले! ट्रंक उघडून तिचे लहानपणीचे फोटो दाखवले, गॅदरिंगमध्ये कोळीण झालेली, पुढचे दात पडलेली. मेले हादडून गेले आणि दाखवलं काय — ही मुलगी कॉमन संडासाच्या लाइनीत उभी राहून डायलॉग पाठ करायची. फोटो कशाचा? संडासाचा. आमचे हे कितीतरी दिवस नाक्यावर गेले नाहीत. तेव्हापासून तुमच्या माणसांना मी पाणी देते, जेवायला घालत नाही.

तर आता काय हवंय? — घरी नाही ती. मढला गेलीय शूटिंगला. — त्या सँडल माझ्या आहेत. — बरं, तिच्या आहेत, असू देत! आहे ती घरी, आत झोपलीय, आणि मी तिला उठवणार नाही. हितेंद्र, आमचे जावई, कामासाठी नाशिकला गेलेत, म्हणून आलीय माहेरी. भांडण-बिंडण काही नाही. लग्न झालेली मुलगी आईकडे झोपायला आली की तुमच्याकडे लगेच घटस्फोट होतो, माहितीय मला.

आणि त्या पिशवीत काय? — साडी? हिरवी? — चॅनेलतर्फे ओटी भरणार तिची? कॅमेऱ्यासमोर? ठेव. ठेव ती पिशवी खाली, बाहेर काढू नकोस सांगते. तो व्हिडिओ बघून आलीस होय! म्हणजे तुझं आता पक्कंच झालं. मग ऐक तो व्हिडिओ कसा झाला ते. तुमची बातमी वाचली चंपाने. चंपा म्हणजे आमची चाळीतली शेजारीण, आता अकराव्या मजल्यावर राहते, मनाने वाईट नाही ग ती. पण वाचली आणि चार बायका गोळा केल्या आणि ताट भरून थेट दारात — खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, वर अबोलीची वेणी. विचारायचं तरी एका शब्दाने? कशाला विचारतील, मोबाइलवर आलंय म्हणजे खरंच! मी म्हटलं, अग चंपा, तसं काही नाही. तर ती मला डोळा मारते. म्हणते, मालन, तीन महिने सांगायचं नसतं, ठाऊक आहे आम्हाला. झालं! आमच्यात असल्या वेळी नाही म्हणायचीच पद्धत, मग खरंच नसेल तर बाईने म्हणायचं तरी काय? मी जितकं नाही नाही म्हणते, तितक्या त्या हसतात. आणि हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन सवाष्णी उंबऱ्यात उभ्या, त्यांना परत पाठवू? ओटी परत जाते कधी दारातून? कुणी पाठवलीय?

तेवढ्यात पूर्वी उठून बाहेर आली. ताट बघितलं तिने. म्हटलं आता ओरडेल — ओरडायला हवं होतं ग तिने! नाही ओरडली. पाट मांडलेला होता त्यावर बसली आणि ओढणी पुढे केली. आणि हसली. त्यातल्याच एकीने मोबाइल धरला, स्टेटसला टाकलं, आणि तिथून तुम्ही उचललंत. ते हसणं सावकाश करून दाखवलंत, मागे बासरी लावून. आईला विचारा ते हसणं कुठलं! डायरेक्टर म्हणतो ना, हां, आता हसा — ते. सिरियलीत तिला सध्या आठवा लागलाय. पोटाला उशी बांधतात, वरून पट्टा आवळतात, आणि दिवसभर ती उशी सांभाळत चालायचं, धाप लागल्यासारखं करायचं. मी म्हटलं, रजा घे ग चार दिवस तरी. तर म्हणते, आई, रजेला कारण काय सांगू? कारण सेटवर कळलं की संध्याकाळी मोबाइलवर. त्यापेक्षा उशी बरी. डॉक्टरीणबाई ओरडल्या तिला, अंगावरून अजून जातंय आणि तू उभी काय राहतेस म्हणून — पण नाही, गेली, उशी बांधली, उभी राहिली. आणि त्या दिवशी बायका गेल्यावर ओढणीत तांदूळ तसेच धरून बसली होती पाटावर. उठेचना. म्हणाली, आई, पोटात काही उरलं नाही आणि मी ओटी भरून घेतली, पाप लागेल का ग मला? — हे विचारते माझी मुलगी! मला! तुमच्या त्या लाल गोलापायी! तुमच्या त्या मेल्या —

— काय झालं? आत्तापर्यंत बोटं थांबत नव्हती तुझी, आता अशी काय बघतेस? काय म्हणाले मी?

— नाही. तसं नाही म्हणाले. ॲसिडिटी म्हणाले मी, सुरुवातीलाच म्हणाले. तू काय ऐकलंस? — सॉरी नको म्हणूस. सॉरी कशाला? सॉरी म्हणालीस म्हणजे कळलं तुला.

हे बघ बाय, ऐक. कुणालाच माहीत नाही हे. तिच्या बाबांना नाही, सासूला नाही. हात हातात धरून वचन घेतलंय तिने माझ्याकडून. म्हणाली, आई, फक्त तू आणि हितेंद्र, मला लोकांच्या डोळ्यांत ते बघायचं नाही. ते जावई, परक्या घरचे, त्यांनी अजून तोंड उघडलं नाही. आणि मी — तू असं कर. तू दुसरं काहीतरी लिही. घटस्फोट लिही! खरंच लिही, पूर्वीचा घटस्फोट होतोय, माहेरी येऊन बसलीय, आईने स्वतः सांगितलं. माझं नाव घाल, फोटो काढ माझा, हा काढ, रडतानाचा काढ. म्हणशील तसं बोलते. संडासाचं लिही परत. पण हे एवढं सोड. पाया पडते तुझ्या, एवढं एक — मागे काय बघतेस?

पूर्वी.

कधीपासून उभी आहेस ग? — मी नाही सांगितलं तिला. म्हणजे सांगायचं नव्हतं, रागाच्या भरात तोंडातून — तुझ्यासाठीच भांडत होते ग मी, शप्पथ. बोल काहीतरी. शिव्या घाल मला. अशी बघू नकोस, त्या बायकांकडे बघून हसलीस तशी हसू नकोस माझ्याकडे, पूर्वी — दार लावू नकोस. कडी नको ग लावूस आतून!

तू अजून इथेच? ऊठ. मिळालं ना सगळं? ती साडी पण ने. जा. जा म्हणते ना!

— पूर्वी, गेली ग ती. उघड. कुणी नाही आता बाहेर. फक्त मीच आहे.