सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी

पारूबाई : ...तर मास्तर म्हणाले, शाळेपुढच्या दगडावर तुमच्या भावाचं नाव कोरायचं हाय, तारीख सांगा. मी फौजेच्या तारेतली सांगितली, सतरा डिसेंबर एकाहत्तर. तर म्हणतेत, आजी, बांगलादेशची लढाई सोळालाच संपली. मग आमचा नरसिंग सतराला कसा गेला, दगडोबादादा? तुम्ही फौजेत त्याच्यासंगंच व्हतात न्हवं?

दगडोबा : व्हतो. मास्तर बी बरोबर हाय, तार बी बरोबर हाय.

पारूबाई : दोन्ही कसं?

दगडोबा : सोळाला, दिवस मावळायच्या आधी, ढाक्याच्या मैदानात टेबल मांडलं. पाकिस्तानच्या जनरलनं सही केली. एका कागदानं नव्वद हजार माणूस शरण आलं.

पारूबाई : नव्वद हजार! सारं निलंगा उभं केलं तरी तेवढं भरायचं न्हाई.

दगडोबा : पण आम्ही खुलन्याच्या रस्त्यावर, लई लांब. आमच्या म्होरची त्यांची तुकडी लढतच व्हती. खबर पोचली न्हवती का पोचून पटली न्हवती, मला आज बी ठाऊक न्हाई. पहाटं नरसिंगला गोळी लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

पारूबाई : म्हंजी लढाई संपल्यावर गेला त्यो.

दगडोबा : कागदावर संपल्यावर. तुझी आई होती तवर मला इचारायची. मी म्हणायचो, लढता लढता गेला. पुढचं सांगायला जीभच उचलली न्हाई, पारू.

पारूबाई : त्यात खोटं काय? लढतच गेला. सतराच कोरू द्या. पण मग थांबलं कसं?

दगडोबा : दिवस वर आला आन् पांढरं फडकं दिसलं. एकदम आवाज बंद. चौदा दिवसांत पहिल्यांदा कानात काहीच न्हाई. मला वाटलं, बहिरा झालो. मग दुपारी ते तिथल्याच एका मैदानात रांगेनं आले. हुकूम झाला. सगळे एकदम वाकले आन् बंदुका खाली ठेवल्या. टाकल्या न्हाईत, पारू. ठेवल्या. निजलेलं लेकरू ठेवावं तशा.

पारूबाई : आगं बया!

दगडोबा : सकाळपर्यंत आमच्या जिवावर उठलेली माणसं. आता रिकाम्या हातांचं काय करावं, त्यांना कळंना.

पारूबाई : एका सहीत एवढा जोर असतोय व्हय?

दगडोबा : असतो. तरी त्यानं समदं मिटलं न्हाई. पुढं शिमल्याला करार झाला, मग दिल्लीला आणखी एक. तवा कुठं ते कैदी घरी निघाले. बंदूक ठेवायला घटकाभर, घर गाठायला दोन वर्षं.

पारूबाई : दोन वर्षं! त्यांच्या घरचे बी वाटंला डोळे लावून.

दगडोबा : एक सांगायचं राहिलंय. त्या रांगेत एकजण व्हता, आपल्या नरसिंगच्याच वयाचा. व्हट फुटलेले. मी त्याला पाणी दिलं. नरसिंगच्या चितेचा धूर अजून दिसत व्हता, आन् मी त्याला पाणी दिलं.

पारूबाई : प्याला का?

दगडोबा : घटाघटा. डोळे मिटून.

पारूबाई : आई असती तर लई रागं भरली असती तुम्हाला.

दगडोबा : म्हणूनच तिला कधी...

पारूबाई : म्हणली असती, नुसतं पाणीच दिलंस व्हय रे? खायला काय न्हवतं?

दगडोबा : व्हतं. शंकरपाळे. त्या सकाळच्या फौजेच्या शिध्यातले, नरसिंगच्या वाटणीचे. तेच दिले.