चक्कर नाही, पायरी!

चक्कर? कसली चक्कर? तुम्हाला सांगतो, आमच्या हिला लग्न झाल्यापासून एकदाही चक्कर आलेली नाही, आली असेल ती मला, हिच्याशी बोलता बोलता… आणि हे लोक म्हणतात, बाई चक्कर येऊन पडली! अहो, पायरी हलली म्हणून पडली! आणि पडली कुठे? कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहात. भर स्टेजवर चढताना! बक्षीस घ्यायला! बक्षीस कशाचं? 'पाऊल टाका जपून, घरी या हसून' या घोषवाक्याचं. पहिलं!

हसा, हसा. मीही हसलो होतो. स्वयंपाकघरात जाऊन.

ही बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मी घरी बसून शिवणकाम करतो, म्हणजे कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, पण हिने इतक्यांदा सांगितलंय की मला आता ती पायरी स्वप्नात दिसते. पायरी म्हणजे काय, तर बिस्किटांचा एक रिकामा क्रेट, पालथा घातलेला, वर लाल कार्पेट. मॅनेजरांनी माइकवर हिचं नाव पुकारलं, ही चढली, क्रेट तिरपा झाला, कार्पेट घसरलं, आणि ही उजव्या हातावर आडवी! वर 'सुरक्षा प्रथम'चा फलक अंगावर. आणि खालची मंडळी काय करतायत? टाळ्या! त्यांना वाटलं, कसं पडू नये त्याचं प्रात्यक्षिक चाललंय… मनगट मोडलं हो! आणि टाळ्या!

हिला दवाखान्यात नेलं. प्लास्टर वाळायच्या आत मॅनेजर हजर. हातात फळं, बगलेत कागद. आवाज असा मऊ, जणू साय.

"ताई, सकाळी काही खाल्लं नव्हतंत ना? चक्कर आली ना?"

"खाल्लं होतं. चक्कर नाही, पायरी."

"तसं नाही हो, उकडत होतं, गर्दी होती, माणसाला येते चक्कर… इथे फक्त एक सही."

"हात मोडलाय."

"मग अंगठा."

"तो प्लास्टरात आहे."

"डावा चालेल, ताई."

"साहेब, डाव्या हाताने खोटं लिहायची मला सवय नाही."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अगं, कर ना! साहेब सांभाळून घेतील." तुम्हाला सांगतो, हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या फळांतलं एक सोलायलाच घेतलं. साहेब गेल्यावर म्हणते, "अहो, चक्कर आली म्हटलं की भरपाई तर गेलीच. वर उद्या मला मशीनपाशी कोण उभं करील? चक्कर येणारी बाई म्हणून घरी बसवतील. कायमची!" आता हे माझ्या डोक्यात यायला नको होतं? पण माझ्या डोक्यात काय येतं? काही नाही. चक्कर येते.

मग सुरू झालं! जो भेटेल तो चक्करवाला! आमची आई म्हणते, "सूनबाई, तू उपाशी राहतेस, चक्कर येणारच." हिचं आपलं एकच, "चक्कर नाही, पायरी." शेजारचे आजोबा, दूधवाला, सगळ्यांना तेच. चक्कर नाही, पायरी! कारखान्याने तर दुसरी शक्कल काढली. म्हणे समारंभ हे काही काम नव्हे, बाई हौसेने स्टेजवर गेली. ही एक हात गळ्यात बांधून तडक ऑफिसात! "हौसेने? 'जो येणार नाही त्याचा अर्धा दिवस कापू' असं फळ्यावर कुणी लिहिलं होतं?" तर साहेब म्हणतात, "फळा पुसलाय, ताई."

पुसलाय! बरं, बघणाऱ्या बाया? त्या कुठे पुसल्या होत्या? पण ज्या दारी जावं तिथे एकच. "अगं, मी नेमकी खाली बघत होते." सगळ्या खाली बघत होत्या! खाली बघून टाळ्या वाजवत होत्या! मी दमलो. ही दमेना. पुढे ही, मागे मी तिची पर्स घेऊन.

शेवटी राहिली गजर. हिची मैत्रीण, हिच्या बाजूलाच पॅकिंग करते. आवाज असा की मशीन चालू असतानाही तिचं बोलणं गेटवर ऐकू जातं, म्हणून नाव गजर. आणि हीच गजर हिच्या पडण्यापासून गप्प! घरी फिरकली नाही, फोन उचलला नाही. आम्ही गेलो, तर दाराची फट उघडून उभी.

ही म्हणाली, "त्या दिवशी स्टेज तू लावत होतीस. कार्पेट तू घातलंस ना?"

गजरच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "साहेब म्हणाले, क्रेट डुगडुगतोय, वर कार्पेट टाक म्हणजे दिसायचं नाही… मी टाकलं गं! मी तुला पाडलं!"

"वेडी आहेस का? त्यांनी सांगितलं, तू टाकलंस. मी भांडायला आले नाही. तुला नोकरीची भीती आहे, मलाही आहे. नको म्हणालीस तर तुझं नाव मी कुठेही घेणार नाही. फक्त एवढं सांग, मला चक्कर आली होती का?"

गजर मागे सरकली. दार लागलं. परत येताना ही पहिल्यांदा रडली, तुम्हाला सांगतो. हात मोडला तेव्हा रडली नव्हती. मी म्हटलं, "जाऊ दे, सोडून देऊ." डोळे पुसून म्हणते, "सोडायचं कशाला? मी आहे ना माझी साक्षीदार."

हिने तक्रार केली, कामगार ऑफिसात सुनावणी लागली. समोर बाई अधिकारी, चष्म्यावरून बघणाऱ्या. कारखान्याचा वकील चक्करीवर असा काही बोलला की मलाच गरगरायला लागलं. मग हिची पाळी. ही उभी राहिली, "मॅडम, चक्कर नाही…" आणि मागून दारातून आवाज! असा आवाज की शेजारच्या खोलीतला शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावत आला!

"पायरीऽऽ! पायरी होती! मी कार्पेट टाकलं, साहेबांनी टाकायला लावलं, का, तर क्रेट हलतोय ते दिसू नये म्हणून!"

गजर! आणि तिच्या मागे पॅकिंगच्या बाया, सगळ्या मान वर करून! मॅडमनी मॅनेजरांकडे पाहिलं. "खरं आहे?" मॅनेजर खाली बघायला लागले. आता यांची पाळी!

निकाल हिच्या बाजूने लागला. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, हातासाठी भरपाई, सगळं मिळालं. हिची जागाही राहिली, गजरचीही. स्टेजला आता पक्क्या पायऱ्या, वर कठडा. झालं ना? संपलं ना?

कुठलं संपतंय! बायांनी हिलाच आपली प्रतिनिधी केली. आता रोज संध्याकाळी आमच्या घरात गर्दी. कुणी तेलावरून घसरलेली, कुणाचा वायरीत पाय अडकलेला, कुणाच्या कमरेत लचक. ही एकेकीचं ऐकून घेते, "कुठे पडलीस? कुणी बघितलं? सही कुठेही करू नकोस!" माझं शिलाई मशीन गेलंय जिन्यात. काल जरा टेकायला म्हणून आत आलो, तर एक नवीन बाई सरकून जागा देत मला विचारते, "तुम्ही कुठे पडलात हो, भाऊ?"

म्हटलं, "मी हिच्या पदरात पडलोय, बाई. त्याची भरपाई नसते… सरका जरा."